पाच रोपांची गोष्ट

हिवाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला गेलेला माणूस बहुधा रिकाम्या हाताने परत येत नाही. स्ट्रॉबेरीची एखादी पेटी त्याच्या पिशवीत असतेच. हल्ली तर तेवढ्यासाठी घाट चढायलाही नको. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक अशा गावांच्या बाजारात थंडीच्या दिवसांत हे लाल फळ हातगाडीवर मांडलेले दिसते. ते पाहून पुष्कळांना वाटते की आपल्याही परसात चार रोपे असावीत. लोक रोपे आणतात, कुंडीत लावतात आणि मग तीन प्रकारच्या तक्रारी ऐकू येतात. पहिली, "पानं छान तरारली, फुलंही आली, पण फळ धरेना." दुसरी, "फळ धरलं, पण वेडंवाकडं आणि आंबट." तिसरी, "उन्हाळा आला आणि रोप गेलं."

मी इतिहासाचा माणूस, शेतकी खात्याचा नव्हे. पण या तिन्ही तक्रारींचे मूळ या झाडाच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास समजला की निगा कशी राखावी हे निराळे पाठ करावे लागत नाही. म्हणून आज ही कथा सांगायची आहे.

आपण आज खातो ती मोठी, लाल, रसाळ स्ट्रॉबेरी अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी जगात कुठेच नव्हती. हे ऐकून नवल वाटेल. आंबा, केळ, डाळिंब यांना हजारो वर्षांचा इतिहास आहे. त्या मानाने हे फळ अगदी कालचे पोर. युरोपच्या रानात स्ट्रॉबेरी होती, पण ती करंगळीच्या नखाएवढी. वास सुरेख, चव गोड, पण ओंजळभर फळे गोळा करायची तर अर्धा दिवस रानात वाकून फिरावे लागे. फ्रान्सचा राजा पाचवा चार्ल्स याच्या माळ्याने १३६८ मध्ये पॅरिसच्या लुव्र राजवाड्याच्या बागेत अशी १,२०० रोपे लावली होती. राजाची बाग, राजाचे खत, राजाचे पाणी; फळ मात्र रानातलेच, लहानाचे लहान. पुढे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेतून, व्हर्जिनियाच्या बाजूची दुसरी एक जात युरोपात आली. तिचा रंग गडद लाल आणि सुगंध चांगला. पण आकाराने तीही बेताचीच.

मोठे फळ होते ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण अमेरिकेत, चिली देशात. तिथले मूळ रहिवासी मापुचे. या मापुचे लोकांनी रानातली स्ट्रॉबेरी शेतात आणली, त्यातली मोठ्या फळांची रोपे निवडून ती पिढ्यान् पिढ्या लावली. त्यांच्यापैकी एकाही माणसाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात नाही. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे ज्वारीची, भाताची उत्तम वाणे ज्यांनी निवडून जपली त्या शेतकऱ्यांची आणि त्यांच्या बायकांची नावे तरी कुठे लिहिलेली आहेत? कणसे पाहून बियाणे बाजूला काढणारा हात नेहमी निनावीच राहिला आहे.

या चिलीत १७१२ साली एक फ्रेंच माणूस पोहोचला. त्याचे नाव आमेदे फ्रांस्वा फ्रेझिए. हा लष्करी इंजिनिअर. चिली आणि पेरू हे देश त्या वेळी स्पेनच्या ताब्यात होते, आणि तिथल्या किनाऱ्यावर स्पेनचे किल्ले, तोफा, बंदरे कशी आहेत ते फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाला हवे होते. फ्रेझिए गेला तो व्यापाऱ्याच्या वेषात. म्हणजे साध्या भाषेत सांगायचे तर हेर. किल्ल्यांचे नकाशे काढता काढता कन्सेप्सियोन या गावाजवळ त्याला स्ट्रॉबेरीची अख्खी शेते दिसली. फळ अक्रोडाएवढे, काही तर कोंबडीच्या अंड्याएवढे. रंग मात्र फिकट, तांबूस-पांढरा. गंमत अशी की फ्रेंच भाषेत स्ट्रॉबेरीला 'फ्रेझ' म्हणतात, आणि फ्रेझिए हे आडनाव त्या शब्दावरूनच आले असे त्याच्या घराण्यात सांगत असत. आडनावाच्या फळाने त्याला भुरळ घातली म्हणा ना! परत निघताना त्याने रोपे बरोबर घेतली.

त्या काळचा हा परतीचा प्रवास शिडाच्या जहाजातला आणि सहा महिन्यांचा. जहाजावर गोडे पाणी मोजून मिळे, माणसांनासुद्धा. रोपांना कोण पाणी देणार? पण पाण्याचा साठा ज्याच्या ताब्यात होता त्या अधिकाऱ्याने या रोपांसाठी पाणी दिले. १७१४ च्या ऑगस्टमध्ये जहाज मार्सेय बंदराला लागले तेव्हा पाच रोपे जिवंत होती. फक्त पाच. फ्रेझिएने त्यातली दोन पाणी देणाऱ्या अधिकाऱ्याला दिली. ऋण फेडले म्हणायचे. एक पॅरिसच्या राजोद्यानात झ्युस्यू या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे गेले, एक किल्ल्यांच्या खात्याच्या प्रमुखाला मिळाले, आणि एक त्याने स्वतःजवळ ठेवले.

रोपे वाढली. त्यांना धावरे फुटले, एकाची दहा झाली. फुले आली. आणि फळ मात्र धरेना! आपल्या पहिल्या तक्रारीशी ताडून पाहा. पॅरिसच्या राजोद्यानातले पंडित आणि माळी यांनी खत बदलले, जागा बदलली, उपयोग शून्य. ज्या फळासाठी रोपे अर्ध्या पृथ्वीवरून आणली ते फळच नाही.

कारण काय असावे? पपई लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ते चटकन उमजेल. पपईत नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. बागेत सगळ्या माद्याच ठेवल्या आणि जवळपास एकही नर नसला तर काय होते, ते त्याला शिकवावे लागत नाही. चिलीच्या स्ट्रॉबेरीतही नर आणि मादी रोपे वेगवेगळी असतात. फ्रेझिएने साहजिकच मोठ्या फळांनी लगडलेली रोपे निवडली. फळ लागते ते मादीला. म्हणजे त्याने आणलेली पाचही रोपे मादी होती आणि परागकण देणारे नर चिलीतच राहिले. चांगले तेवढे निवडून घेतले, आणि त्या चांगल्याला चांगलेपण देणारा सोबती मात्र मागे राहिला.

हे कोडे प्रथम सुटले ते राजधानीत नव्हे, शेतात. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रेस्त बंदराजवळ प्लुगास्तेल नावाचा गाव आहे. समुद्रकाठची दमट, सौम्य हवा, चिलीच्या किनाऱ्यासारखीच. तिथल्या शेतकऱ्यांकडे ही चिलीची रोपे पोहोचली. त्यांच्या वाफ्यांजवळ व्हर्जिनियाची जुनी जातही लावलेली होती. मग मधमाश्यांनी आपले काम केले. व्हर्जिनियाचा पराग चिलीच्या फुलावर पडला आणि मोठी फळे धरू लागली. शेतकऱ्यांनी पाहिले की दोन्ही जाती शेजारी असल्या म्हणजे पीक येते. त्यांनी ओळीआड ओळ लावायला सुरुवात केली. 'का' हे त्यांना सांगता आले नसते, पण 'कसे' ते कळले होते. प्लुगास्तेल पुढे दीर्घकाळ स्ट्रॉबेरीचे मोठे ठाणे राहिले, आणि आज तिथे या फळाचे संग्रहालय आहे.

'का' सांगितले ते एका सतरा वर्षांच्या पोराने. आंत्वान निकोला द्यूशेन हे त्याचे नाव. जन्म १७४७ चा. त्याचे वडील व्हर्साय येथे राजाच्या इमारतींच्या खात्यात अधिकारी होते. या मुलाला स्ट्रॉबेरीचा छंद लागला. त्याने फुले उघडून न्याहाळली, कोणत्या फुलात पुंकेसर आहेत आणि कोणत्यात नाहीत त्याची नोंद केली. मग कुंडीतल्या चिलीच्या मादी रोपाशेजारी त्याने दुसऱ्या एका युरोपीय जातीची, नर फुले असलेली रोपे ठेवली. चिलीच्या रोपाला भरघोस फळे आली. १७६४ च्या जुलै महिन्यात त्याने ती फळे पंधराव्या लुई राजापुढे नेली. राजा खूष झाला, आणि युरोपभरच्या स्ट्रॉबेरीच्या जाती राजाच्या बागेत गोळा करण्याची परवानगी त्याला मिळाली. दोन वर्षांनी, १७६६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याने स्ट्रॉबेरीचा नैसर्गिक इतिहास लिहून प्रसिद्ध केला.

त्या पुस्तकात त्याने आणखी एक गोष्ट ओळखली होती. युरोपच्या बागांतून त्या सुमारास एक नवीच स्ट्रॉबेरी दिसू लागली होती. फळ मोठे, रंग लाल आणि वास अननसासारखा. ती कुठून आली याबद्दल निरनिराळे तर्क चालत. द्यूशेनने सांगितले, ही चिली आणि व्हर्जिनिया यांची संकर-संतती आहे. आकार चिलीचा, रंग आणि सुगंध व्हर्जिनियाचा. हीच आपली आजची स्ट्रॉबेरी. तिचे शास्त्रीय नाव 'फ्रागारिया अननासा'. त्यातला 'अननासा' म्हणजे आपला अननसच बरे का! हा शब्दही मूळ दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांच्या तोंडून तो आपल्याकडे आला. म्हणजे अमेरिकेच्या दोन टोकांच्या दोन जाती, ज्या आपल्या मायदेशी एकमेकींना कधी भेटल्या नसत्या, त्या तिसऱ्याच खंडातल्या वाफ्यात भेटल्या आणि हे फळ जन्माला आले.

यानंतरचा भाग थोडक्यात सांगतो. इंग्लंडात लंडनजवळ मायकेल कीन्स नावाचा बाजारी भाजीपाला पिकवणारा माळी होता. त्याने बियांपासून शेकडो रोपे करून त्यांतून निवड केली, आणि १८२१ मध्ये त्याच्या नव्या वाणाला तिथल्या उद्यानविद्या संस्थेने चांदीचा चषक दिला. या नव्या वाणांच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग एकत्र असतात. म्हणून आज आपण एकच रोप कुंडीत लावले तरी त्याला फळ येऊ शकते.

आता महाराष्ट्राकडे वळू. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० फूट उंच. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८-२९ च्या सुमारास तिथे थंड हवेचे ठाणे वसवले. साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा १८२९ च्या कराराने, वाईकडील खंडाळे गावाच्या बदल्यात घेतली. साहेब मंडळी आली तशी त्यांची भाजीही आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या तुरुंगात चिनी कैदी ठेवलेले असत. त्यांनी ओढ्याकाठी भाजीपाल्याचे मळे फुलवले. 'चायनामन' नावाचा धबधबा आजही त्यांची आठवण सांगतो. स्ट्रॉबेरीही ब्रिटिश अमदानीतच इथे आली. ऑस्ट्रेलियातून रोपे आणली असे जुने लोक सांगतात. तांबडी, पाण्याचा निचरा होणारी माती आणि थंड, कोरडा हिवाळा तिला मानवला. पुढे गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झालेले चँडलर, स्वीट चार्ली यांसारखे वाण आले आणि साहेबाच्या टेबलावरचे फळ भिलार, मेटगुताडसारख्या गावांतल्या शेतकऱ्याचे नगदी पीक झाले. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय, मिळाला. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, हेच भिलार २०१७ मध्ये 'पुस्तकांचे गाव' म्हणून नावारूपाला आले. स्ट्रॉबेरीचे वाफे आणि घराघरांत मांडलेली पुस्तके एकाच गावात पाहायची असतील तर मुलांची सहल तिकडे जरूर न्यावी.

आता त्या तीन तक्रारी.

पहिली, फळ न धरण्याची. आजच्या फुलात दोन्ही भाग असले तरी पराग हलवायला वारा आणि मधमाशी लागतेच. बंद गॅलरीत, काचेआड ठेवलेल्या रोपाची गत पॅरिसच्या त्या रोपांसारखी होते. रोप उघड्यावर, दिवसातले सहा तास तरी ऊन मिळेल असे ठेवा. जवळ तुळस, झेंडू असू द्या; मधमाश्या येतील. फुलावर असताना औषधाचा फवारा मारू नका. तेही जमत नसेल तर मऊ कुंचल्याने फुलाच्या मधल्या पिवळ्या भागावर अलगद फिरवा. मधमाशीचे काम आपण करायचे.

दुसरी तक्रार वेड्यावाकड्या फळाची. ज्याला आपण स्ट्रॉबेरीचे बी म्हणतो, तो फळाच्या अंगावरचा एकेक दाणा म्हणजे खरे तर एकेक स्वतंत्र फळ, आणि लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठ. ज्या दाण्याला पराग मिळाला त्याच्या खालचा गर फुगतो. ज्याला मिळाला नाही तिथे खड्डा राहतो. नित्श या शास्त्रज्ञाने १९५० मध्ये हे दाखवून दिले: कोवळ्या फळावरचे दाणे सुईने काढले तर तेवढा भाग वाढतच नाही. हा प्रयोग गुरुजींनी शाळेच्या बागेत सहज करून दाखवावा. एका फळाच्या एकाच बाजूचे दाणे काढावेत आणि पंधरा-वीस दिवस मुलांनी रोज चित्र काढावे. पुस्तकातले परागीभवनाचे पान मग कोणी विसरणार नाही.

आंबटपणाचे कारण बहुधा घाई असते. चिकू किंवा केळे आढीत घालून पिकते, तशी स्ट्रॉबेरी तोडल्यावर गोड होत नाही. पूर्ण लाल होऊ द्या, मग सकाळच्या गारव्यात देठासकट खुडा. फुलापासून फळ पिकेपर्यंत साधारण महिना लागतो. तेवढा धीर हवा. आणि बुलबुलांच्या आधी खायची तर वर जाळी टाका.

तिसरी तक्रार, रोप जाण्याची. दमट, सौम्य किनाऱ्याच्या वंशातले हे झाड. त्याला आपला वैशाख सोसत नाही, आणि मुळाशी साचलेला आषाढही सोसत नाही. म्हणून पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात लावणी करावी. मराठवाडा-विदर्भात ऑक्टोबरचे ऊन उतरू द्यावे. तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी. कुंडी आठ-दहा इंची, तळाला भोके असलेली; जमिनीत लावायचे तर उंच गादीवाफा करून रोपारोपांत एक फूट अंतर ठेवावे. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे रोपाचा गाभा, जिथून नवी पाने फुटतात तो भाग, मातीच्या पातळीवर राहिला पाहिजे. खाली गेला तर कुजतो, वर राहिला तर वाळतो. पाणी सकाळी, बुडाशी, थोडे थोडे पण नियमित. पानांवर आणि फळांवर पाणी राहिले की करड्या बुरशीने फळ सडते. रोपाखाली भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड पसरावे. ओल टिकते आणि फळ मातीला टेकत नाही. लावल्यावर आलेली पहिली दोन-चार फुले खुडून टाकावीत. रोपाला आधी मूळ धरू द्यावे. ज्या जागी आदल्या वर्षी टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा होता तिथे स्ट्रॉबेरी लावू नये. मर रोगाची बुरशी त्या मातीत टिकून असते.

उन्हाळ्यात दिवस मोठा झाला की रोप फळ थांबवते आणि धावरे सोडते. याला महाबळेश्वरकडे 'रनर' म्हणतात. धावऱ्याच्या गाठीवर नवे रोप येते. ते लहान पिशवीतल्या मातीवर टेकवावे, मूळ धरले की तोडून घ्यावे आणि आडोशाला, सावलीत, पावसाचा मारा चुकवून जपावे. ऑक्टोबरात पुन्हा लावणीला रोपे तयार. फ्रेझिएच्या पाच रोपांची शेकडो रोपे झाली ती अशीच.

पण यात एक धोका आहे, आणि तो फार जुना आहे. धावऱ्याचे रोप म्हणजे आईचीच हुबेहूब प्रत. आईचे गुण येतात तसे आईचे रोगही येतात. मावा किडीने पसरवलेला विषाणू एकदा शिरला की रोपांतून रोपांत उतरत जातो, आणि दोन-तीन वर्षांत फळ लहान होत जाते. यासाठीच आपले शेतकरी परदेशातून निरोगी मातृरोपे मागवतात. तीनशे वर्षांपूर्वी जहाजाने आलेले पाहुणे आज विमानाने येतात, एवढाच फरक. दुसऱ्याच्या रोपवाटिकेवर असे अवलंबून राहणे महागात पडते. तेव्हा घरच्या बागेतही धावरा घ्यायचा तो सर्वांत चांगल्या, डागरहित, जोमदार रोपाचाच. आणि दोन वर्षे झालेले थकलेले रोप काढून टाकायचे, मोह धरायचा नाही.

शाळेच्या आवारात चार कुंड्या ठेवायला फार खर्च येत नाही. एकेका कुंडीची निगा एकेका वर्गाने राखावी. लावल्याची तारीख, पहिले फूल, पहिले फळ, धावऱ्यांची संख्या यांची वही ठेवावी, आणि कोणत्या रोपाचा धावरा पुढच्या वर्षासाठी घ्यायचा ते त्या वहीवरून मुलांनीच ठरवावे. चिलीच्या शेतात निनावी मापुचे बाई हेच करत होती, प्लुगास्तेलचा शेतकरी हेच करत होता, आणि द्यूशेनने वहीत मांडले तेही हेच. आपल्या मुलांच्या वहीवर मात्र त्यांची नावे असू द्या.